स्मॅशचा वेग जातो कुठे?

मथायस बो हे नाव आपल्याकडे दोन कारणांनी कानावर पडतं. एक, तो तापसी पन्नूचा नवरा. दुसरं, तो सात्विक-चिराग या आपल्या बॅडमिंटन जोडीचा कोच होता. त्याआधी कितीतरी वर्षं तो डेन्मार्ककडून दुहेरी खेळला, हे मात्र मागेच पडतं. मला त्या कारकिर्दीत एक गंमत दिसते. जगातले सगळ्यात जोरदार स्मॅश (वरून खाली हाणलेला फटका) मारणारे एकामागून एक त्याच्या समोर आले, पण वेगाचा विक्रम त्याच्या स्वतःच्या नावावर कधीच नव्हता.

चीनच्या फू हायफेंगचा स्मॅश २००५ मध्ये ताशी ३३२ किलोमीटर मोजला गेला होता. मलेशियाच्या तान बून हिओंगने २००९ मध्ये रॅकेट कंपनीच्या चाचणीत ४२१ गाठले. बो आणि त्याचा जोडीदार कार्स्टन मोगेनसन यांनी २०११ ची ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली, ती कू किएन किएट आणि याच तानला हरवून. पहिला गेम १५-२१ असा गेला होता, पुढचे दोन्ही २१-१८. फू हायफेंगने २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात त्यांना रौप्यपदकावर थांबवलं. तीन वर्षांनी ऑल इंग्लंडच्या फायनलमध्ये त्याच फूला, या वेळी झांग नानच्या जोडीने खेळत असताना, बो-मोगेनसनने दोन गेममध्ये हरवलं. आणि बोचा शिष्य सात्विकसाईराज रंकीरेड्डी याने एप्रिल २०२३ मध्ये जपानमधल्या एका जिममध्ये ५६५ चा गिनीज विक्रम केला.

५६५! विमान धावपट्टी सोडतं, त्याच्या दुपटीचा वेग. मग समोरचा जिवंत कसा राहतो?

एक पिसांचं शटल हातात घ्या. बुचात खोचलेली १६ पिसं, सगळी पक्ष्याच्या एकाच बाजूच्या पंखांतली, प्रत्येक पीस शेजारच्यावर जरासं चढलेलं. वजन साधारण ५ ग्रॅम. आता ते तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली सोडा (खाली कोणी नाही ना, बघून). ते आधी बुचाच्या बाजूने सरळ होतं, थोडा वेग धरतं आणि मग वेग वाढायचाच थांबतो. सेकंदाला पावणेसात मीटर, म्हणजे ताशी जेमतेम २४ किलोमीटर. तिथे हवेचा विरोध आणि वजन यांची बरोबरी होते. लहानपणी आम्ही शटलला फूल म्हणायचो, ते काही उगीच नाही.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट, विरोध चौपट. या एवढ्या माहितीवर, वहीच्या मागच्या पानावर, एक हिशेब निघतो: दर सव्वातीन मीटरला शटलचा वेग निम्मा होतो. स्मॅश कितीही जोरात मारा, निम्मा होण्याचं अंतर तेच. कोर्टाच्या मागच्या भागातून मारलेलं शटल ९ मीटर पलीकडे उभ्या खेळाडूपाशी पोचेपर्यंत ५६५ चे जेमतेम ८० उरतात. हायवेवरच्या एसटीचा वेग! विक्रमाचा आकडा रॅकेट सोडतानाच्या क्षणाचा असतो. (अतिवेगात पिसं आत दबतात आणि विरोध थोडा घटतो, म्हणून हा हिशेब अंदाजे धरा.)

वेग असा गळतो, पण सुरुवातीचे मीटर शटल फार झटक्यात कापतं. त्यामुळे ते ९ मीटर पार व्हायला ०.१८ सेकंदच लागतात. डोळ्यांनी पाहून हात हलवायलाच माणसाला ०.२ सेकंदांच्या आसपास लागतात, म्हणजे शटल पाहून ते परतवणं जमणारच नाही. मारणाऱ्याचा खांदा, रॅकेटचं तोंड, तो शटलच्या किती मागे राहिलाय, यावरून आधीच ओळखावं लागतं.

खरी मजा पुढे आहे. तोच हिशेब ९ ऐवजी ६ मीटरला करून बघा, म्हणजे शटल नेटच्या बरंच जवळ गाठून मारलं तर. ५६५ च्या विक्रमी फटक्याला ९ मीटरला जितका वेळ लागला, तितक्याच वेळात इथून फक्त २५० चा फटका पोचतो. तीन मीटर पुढे सरकलात की निम्म्याहून जास्त ताकद वाचली. दुहेरीत सगळी मारामारी नेटजवळच्या जागेसाठी का चालते, सर्व्हिस नेटला घासून का जाते, पहिल्या तीन फटक्यांत समोरच्याला शटल खालून वर उचलायला लावण्याची एवढी धडपड का, ते या एका आकड्यात दिसतं.

बो डावखुरा, मोगेनसन उजवा. उजव्या हाताच्या खेळाडूकडे डावीकडच्या मागच्या कोपऱ्यात शटल आलं की त्याला अंग वाकवून डोक्यावरून हात फिरवावा लागतो, त्यात अर्धं पाऊल मागे पडतं. डावखुऱ्याला तोच कोपरा फोरहँडचा. आणि एक बारकावा: पिसं एकमेकांवर चढलेली असल्यामुळे प्रत्येक शटल उडताना एकाच दिशेला गिरक्या घेतं. उजव्याने शटल कापलं, म्हणजे तिरकं घासून मारलं, तर त्या गिरकीला बळ मिळतं की विरोध होतो, यावर ते कुठे पडणार ते ठरतं. डावखुऱ्याने आरशातल्यासारखा तोच फटका मारला तर परिणाम उलटा, आणि समोरच्याला सवय असते उजव्यांची. या गिरकीचं टोक गाठलं ते २०२३ मध्ये आणखी एका डॅनिश खेळाडूने. मार्कस रिंडशॉयने शटल बोटांनी फिरवून सर्व्हिस करायला सुरुवात केली आणि समोरचे इतके गडबडले की जागतिक संघटनेने काही आठवड्यांत ती बंद केली. मला ती बंदी पटते. सर्व्हिसवरच गुण संपायला लागले तर दुहेरीत बघायचं काय?

बो-मोगेनसनची लंडनमधली उपांत्य फेरी बघण्यासारखी. कोरियाच्या जुंग जे-सुंग आणि ली योंग-दे यांच्याविरुद्ध १७-२१, २१-१८ आणि तिसऱ्या गेममध्ये २२-२०. बो तेव्हा ३२ वर्षांचा होता. २०१६ च्या सुरुवातीला मोगेनसनच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आल्याने शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच वर्षी दोघं रिओ ऑलिम्पिक खेळले आणि पुढच्या वर्षी युरोपियन विजेते झाले. एप्रिल २०२० मध्ये बोने रॅकेट ठेवली, वय ३९.

मग भारतात तो मुंबईचा चिराग शेट्टी आणि सात्विक यांच्यामागे बसू लागला. लोक सात्विकचा स्मॅश बघतात. मी बघते नेटपाशी चिरागला. सात्विकचा फटका कसाबसा परत येतो आणि चिराग ते शटल वरच्या वर, आणखी पुढे गाठतो. २०२३ च्या इंडोनेशिया ओपनच्या फायनलमध्ये मलेशियाचे आरोन चिया आणि सोह वूई यिक याच जोडीपुढे हरले. पॅरिस ऑलिम्पिकच्या उपांत्यपूर्व फेरीत त्याच दोघांनी पहिला गेम १३-२१ गमावून सामना फिरवला, आणि तिसरा गेम २१-१६ ने घेतला. त्यानंतर बोने कोचिंग थांबवत असल्याचं सांगितलं.