रुळणं आणि घडणं: शाळा बदलण्याच्या कादंबरीत गल्लत कुठे होते

शाळा बदललेल्या मुलीची कादंबरी लिहायला घेतली की घटनांचा क्रम आयताच हाताशी येतो. दाखला काढला, नवा गणवेश शिवला, पहिल्या दिवशी भलत्याच्या बाकावर जाऊन बसली, चिडवाचिडवी झाली, एक मैत्रीण मिळाली आणि गॅदरिंगमध्ये सगळ्या शाळेने टाळ्या वाजवल्या. हस्तलिखित इथे संपतं. लिहिणाऱ्याला वाटतं मुलगी मोठी झाली. खरं तर ती नव्या शाळेत रुळली, एवढंच झालेलं असतं.

रुळण्याचं कथानक आणि घडण्याचं कथानक दोन्ही शाळा बदलण्यातूनच निघतात, त्याच वर्गात, त्याच माणसांमध्ये चालतात. म्हणून ती एकच वाटतात. पण रुळण्याच्या कथानकाचा प्रश्न असतो, 'हिला इथे जागा मिळेल का?' त्याचं उत्तर वर्ग देतो: मधल्या सुट्टीत डब्याला बोलावून, टोपणनाव देऊन, संघात घेऊन. घडण्याच्या कथानकाचा प्रश्न असतो, 'ही जागा मिळवायला किंवा टिकवायला ती काय सोडेल?' त्याचं उत्तर फक्त तीच देऊ शकते, आणि एकदा दिलं की मागे घेता येत नाही. रुळणं उलटवता येतं. पुन्हा बदली झाली, पुन्हा नवी शाळा आली, की सगळं पहिल्यापासून.

एक साधी परीक्षा घेऊन बघा. शेवटच्या प्रकरणाच्या दुसऱ्या दिवशी नायिकेला जुन्या शाळेत, तिच्या जुन्या बाकावर नेऊन बसवा. ती पूर्वीसारखीच तिथे मावली, तर तुमच्याकडे रुळण्याचीच गोष्ट आहे. तिथेही काहीतरी टोचायला लागलं, तर घडण्याची गोष्ट सुरू झालेली आहे.

शाळेच्या कादंबऱ्यांमध्ये या दोहोंची सांधेजोड फार जुनी आहे. थॉमस ह्यूज यांच्या 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' (१८५७) या कादंबरीत टॉम इंग्लंडमधल्या रग्बी गावच्या निवासी शाळेत दाखल होतो आणि पहिल्याच दिवशी फुटबॉलच्या सामन्यात बेधडक चेंडूवर झेपावून मोठ्या मुलांची शाबासकी मिळवतो. आजच्या कित्येक हस्तलिखितांचा शेवटचा प्रसंग ह्यूज यांनी सुरुवातीलाच वापरून टाकला आहे. छळ करणारा फ्लॅशमनसुद्धा पहिला भाग संपायच्या आधीच शाळेतून हाकलला जातो. मग दुसऱ्या भागाला काम काय उरतं? आर्थर नावाचा एक नाजूक नवा मुलगा टॉमच्या हवाली केला जातो. पहिल्याच रात्री आर्थर सगळ्यांसमोर पलंगाशी गुडघे टेकून प्रार्थना करतो, आणि आईला दिलेला तोच शब्द आपण वर्गमित्रांच्या भीतीने मोडला, हे टॉमला उमगतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतः सगळ्यांदेखत गुडघे टेकतो. त्याला तसं करायला कुणी सांगितलेलं नसतं, आणि त्यासाठी टाळ्याही पडत नाहीत. कथानकाच्या दृष्टीने पाहिलं तर टॉम मोठा होतो तो इथे, चेंडूवर पडला तेव्हा नाही.

आता आपल्याकडची आखणी करून बघू. सातवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकून आठवीला तालुक्याच्या हायस्कुलात जाणं, हा महाराष्ट्रातल्या असंख्य मुलांचा अनुभव आहे. गावच्या शाळेत पहिली येणारी रेवती मामाकडे राहून 'आठवी ब'मध्ये दाखल होते, असं धरू. तिच्याच गावची संगी रोज एसटीने त्याच वर्गात येते. रेवतीची एक पक्की समजूत आहे: हुशार असलं की सगळे आपलं ऐकतात. ही समजूत शाळा बदलायच्या आधीपासूनची हवी आणि जुन्या शाळेत ती खरी ठरलेली हवी. समजूतच नसेल तर नवी शाळा मोडणार काय?

कुमारांसाठीची कादंबरी साधारण ३६,००० शब्दांची, म्हणजे दीड-दीड हजार शब्दांची २४ प्रकरणं, असं गृहीत धरलं तर गाव सुटणं दुसऱ्या प्रकरणाअखेर उरकायला हवं. नव्या शाळेचा पहिला दिवस एका प्रकरणात बसवा. बहुतेक पसारा इथेच होतो. परिपाठ, हजेरी, प्रयोगशाळा, बारा-पंधरा मुलांची नावं, प्रत्येक शिक्षकाची लकब, असं करता करता पाच प्रकरणं जातात आणि प्रश्न अजून उभाच राहिलेला नसतो. पहिल्या दिवशी तीन नावं पुरतात: जिच्या शेजारी बसायचं आहे ती, जिला घाबरायचं आहे ती, आणि जिला टाळायचं आहे ती. तिसरं नाव संगीचं. तिची बोली ऐकून वर्ग हसतो आणि रेवती आपलं 'कुटं'चं 'कुठं' करून घेते.

सगळ्यात महत्त्वाचा निर्णय म्हणजे स्वीकाराचा प्रसंग कुठे ठेवायचा. रुळण्याच्या कथानकात तो शेवट असतो. घडण्याच्या कथानकात त्याची जागा मध्यावर, अकराव्या ते तेराव्या प्रकरणात. शाळेचं वर्ष इथे मदतीला येतं. शाळा जूनमध्ये सुरू होते. ५ सप्टेंबरला शिक्षक दिन, त्या दिवशी मुलंच शिक्षक होऊन तास घेतात. रेवती बाईंच्या जागी उभी राहते आणि वर्गाला हसवायला संगीचं बोलणं हुबेहूब करून दाखवते. वर्ग लोटपोट. मधल्या सुट्टीत पुढच्या बाकावरच्या मुली तिला डब्याला बोलावतात. स्वीकार आणि त्याची किंमत एकाच प्रसंगात आली, हे या मांडणीचं बळ. किंमत दोन प्रकरणांनंतर वेगळी सांगितली तर वाचकाला ती लेखकाने ठोठावलेली शिक्षा वाटते.

मग दिवाळीची सुट्टी. रेवती गावी जाते. जुन्या शाळेचं एक प्रकरण इथे हवंच. कित्येक कादंबऱ्यांत जुनी शाळा पहिल्या तीन प्रकरणांनंतर कायमची नाहीशी होते आणि मोजायला पट्टीच उरत नाही. या प्रकरणात माफी, खुलासे, भांडण काही नको. संगी सुट्टीनंतर शाळेत येणार नाही, एवढं कुणाच्या तरी तोंडून सहज कळू द्या. कारणही एकच ठेवू नका: एसटीचा त्रास, घरची कामं, आणि तिसरं, जे कुणीच बोलत नाही. तिसरं कारण फक्त रेवतीला ठाऊक आहे, म्हणून पुढचं ओझं तिचं.

गॅदरिंग डिसेंबर-जानेवारीत येतं, साधारण एकोणीस-विसाव्या प्रकरणात. रुळण्याच्या गोष्टीत इथे नायिका रंगमंच गाजवते. आपल्या आखणीत तिला संगीच्या बोलीतली तीच नक्कल नाटुकल्यात करायला सांगतात, आणि ती नकार देते. हा नकार तालमीत यावा, ऐन कार्यक्रमात नको. हजार प्रेक्षकांसमोर दिलेला नकार पुन्हा टाळ्यांचाच प्रसंग होऊन बसतो. तालमीत सहा-सात मुली असतात, बाई वैतागतात, भूमिका दुसरीला मिळते, नाटुकलं छान होतं. रेवतीची पुढच्या बाकाजवळची जागा जाते. रुळण्याचं कथानक इथे चक्क मागे सरकतं, आणि घडण्याचं पुढे जातं. ही दोन्ही विरुद्ध दिशांना चालताना एकदा तरी दिसली, की वाचकाला ती वेगळी असल्याचं सांगावं लागत नाही.

याच टप्प्यावर दोन चुका फार होतात. एक, समजूतदार शिक्षक रेवतीला व्हरांड्यात बोलावून चार शब्द सांगतात आणि ती बदलते. शिक्षक असू देत, त्यांनी प्रश्न विचारावा, वस्तू द्यावी, काम सोपवावं. ह्यूज यांच्या कादंबरीतले मुख्याध्यापकही आर्थरला टॉमच्या खोलीत धाडतात, प्रार्थनेविषयी त्याला उपदेश करत बसत नाहीत. निर्णयाचं वाक्य शिक्षकांच्या तोंडी गेलं तर मोठं कोण झालं? दुसरी चूक म्हणजे सगळा विरोध एका दुष्ट मुलीत कोंबणं. ती बदलली किंवा शाळेतून गेली की अडथळा संपतो, आणि अडथळा संपला की कादंबरीही. विरोध अशा माणसाकडून येऊ द्या ज्याचं प्रेम नायिकेला हवंसं वाटतं. डब्याला बोलावणाऱ्या त्या मुली मनाने चांगल्या असतील तर रेवतीचा नकार अवघड होतो.

नुसतं रुळण्याचं कथानक कमी दर्जाचं, असं मात्र नाही. आठ-दहा वर्षांच्या वाचकांसाठी बारा-पंधरा हजार शब्दांचं पुस्तक असेल तर तेच योग्य. त्या वयात नव्या वर्गात शेजारी कोण बसेल, हा पूर्ण आकाराचा प्रश्न असतो. तिथे स्वीकार शेवटी ठेवा आणि वाटेत तीनदा हुकवा, दर वेळी वेगळ्या कारणाने.

आणि एक विषय असा आहे की जिथे रुळण्याचं कथानक मुळातच पूर्ण होऊ शकत नाही. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतली मुलं दसरा-दिवाळीच्या सुमारास गावची शाळा सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. कुठे साखरशाळा, म्हणजे अशा मुलांसाठीची हंगामी शाळा असते, कुठे कारखान्याजवळच्या गावच्या शाळेत शिक्षण हमी कार्ड, म्हणजे स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत बसू देणारं कार्ड, दाखवून बसायचं असतं, कुठे धाकट्या भावंडाला सांभाळत कोपीवरच, म्हणजे तोडणी मजुरांच्या झोपडीतच थांबायचं. वर्गात ओळख होईपर्यंत पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो. इथे स्वीकार मध्यावर ठेवायची युक्ती चालत नाही. त्याऐवजी तोच प्रसंग तीन हंगामांत तीनदा आणावा: फळ्यासमोर उभं राहून नाव आणि गाव सांगणं. पहिल्या वेळी मुलगा सगळं सांगतो. दुसऱ्या वेळी गाव गाळतो. तिसऱ्या वेळी काय सांगायचं हे तो आदल्या रात्री ठरवतो, आणि कादंबरीचा सगळा भार त्या रात्रीच्या प्रकरणावर येतो. ते प्रकरण इतरांपेक्षा लांब लिहावं, अडीच हजार शब्दांपर्यंत. शाळेतला प्रसंग त्यानंतर एका पानात उरकला तरी चालतो.