कवकविषाणू

कवकांना, म्हणजे बुरशांना, होणारे विषाणू. पपईला किंवा मिरचीला विषाणूजन्य रोग होतो तसा रोग लावणाऱ्या बुरशीलाही होतो. बहुतेक वेळा त्याचे बाहेरून काहीच लक्षण दिसत नाही आणि बुरशी आपली वाढत राहते. मोजके विषाणू मात्र तिला इतकी दुबळी करतात की पिकावर तिचा पूर्वीसारखा जोर चालत नाही. या अवस्थेला अल्पउग्रता म्हणतात. रोगनियंत्रणाची सगळी आशा तिच्यावरच आहे.

सांगली-साताऱ्याच्या शेतकऱ्याला बुरशी नवी नाही. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ भागात ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस रेंगाळला की द्राक्षाच्या पानावर तेलकट डाग उठतात आणि सकाळी पान उलटून पाहिले तर खाली पांढरी लव दिसते. हा केवडा. त्याच्या मागोमाग भुरी आणि करपा. मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण, आंतरप्रवाही औषधे यांच्या फवारण्यांवर हंगाम निघतो. पण एकच औषध पुन्हा पुन्हा मारले की रोग त्याला सरावतो आणि फळात औषधाचा अंश राहण्याची धास्ती वेगळीच. सहनशील वाण हा दुसरा मार्ग. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रातून आलेल्या, तांबेऱ्याला तग धरणाऱ्या सोयाबीन वाणांनी कृष्णाकाठी तो दाखवून दिला आहे. बुरशीलाच आजारी पाडणे हा तिसरा मार्ग.

बुरशीतला विषाणू पहिल्यांदा नीट ओळखला गेला तो अळिंबीत. १९४८ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात लागवडीच्या बटण अळिंबीचे पीक बसले, दांडे वेडेवाकडे आणि टोप्या खुरटलेल्या. १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये हॉलिंग्स यांनी अशा रोगट अळिंबीत विषाणूचे कण दाखवले. तेव्हापासून सापडलेल्या कवकविषाणूंपैकी बहुतेकांचा जनुकीय ऐवज आरएनएचा आहे, तोही पुष्कळदा दुपदरी. कित्येकांना प्रथिनाचे कवचसुद्धा नसते. बाहेर पडायचेच नसल्यावर कवच हवे कशाला! बीजाणूंतून पुढच्या पिढीत जाणे आणि दोन बुरशांचे तंतू एकमेकांना जुळले की एकीतून दुसरीत सरकणे, एवढ्याच त्यांतल्या बहुतेकांच्या वाटा.

चेस्टनटच्या झाडांची कथा या विषयाचा कणा आहे. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात ही झाडे वाळू लागली. क्रायफोनेक्ट्रिया पॅरासिटिका ही आशियातून आलेली बुरशी सालीखाली पंख्यासारखी पसरते, खोडाला वेढा घालते आणि वेढ्याच्या वरचा सगळा भाग मरतो. पुढच्या अर्धशतकात अमेरिकेतील ३ ते ४ अब्ज झाडे गेली. १९३८ मध्ये रोग इटलीत जेनोआजवळ दिसला. युरोपचीही तीच गत होणार असे वाटत असताना, १९५० च्या सुमारास वनस्पतिरोगतज्ज्ञ आंतोनियो बिरागी यांना काही झाडांच्या जखमा आपसूक भरून आलेल्या दिसल्या. बुरशी सालीत होतीच, पण वरच्या थरात अडकलेली. खालून नवी साल धरत होती. फ्रान्समध्ये झाँ ग्रांत यांनी अशा जखमांतली बुरशी काढून वाढवली. नेहमीची वसाहत, म्हणजे प्रयोगशाळेतल्या बशीत वाढलेला बुरशीचा थर, नारिंगी असते; ही पांढरी निघाली. दोन्ही एका बशीत शेजारी ठेवल्या की जिथे तंतू जुळत तिथून नारिंगी बुरशीही पांढरी होऊ लागे. मग जखमेभोवती भोके पाडून त्यांत पांढऱ्या बुरशीचा लगदा भरायचा उपाय निघाला आणि झाडे वाचू लागली. यामागचा विषाणू पुढे सापडला. १९९२ मध्ये चोई आणि नस यांनी त्याच्या जनुकीय ऐवजाची डीएनए प्रत निरोगी बुरशीत घालून तिची उग्रता उतरवून दाखवली, तेव्हा शंका उरली नाही.

मग अमेरिकेत हाच उपाय का फसला? बुरशीत आपपरभाव फार. जनुकीय गट जुळला नाही तर दोन तंतू भेटतात, पण भेटीच्या जागच्या पेशी मरतात आणि विषाणूची वाट बंद होते. युरोपात पुष्कळ ठिकाणी असे गट थोडे होते, अमेरिकेत फार. शिवाय हा विषाणू बुरशीच्या लैंगिक बीजाणूंत उतरत नाही. २०१६ मध्ये झांग आणि नस यांनी ही आडकाठी घालणारी जनुके निकामी करून कोणत्याही गटाला विषाणू देऊ शकणारी बुरशी तयार केली.

दुसरी मोठी वाट चीनमध्ये उघडली. रेपसीड या मोहरीवर्गीय तेलबियांच्या पिकावर खोडकूज आणणाऱ्या स्क्लेरोटिनिया बुरशीत एकपदरी, वर्तुळाकार डीएनएचा विषाणू सापडल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. त्याचे सुटे कण बाहेरून दिले तरी बुरशीच्या तंतूंत शिरतात, हे २०१३ मध्ये दिसले. फवारणीच्या दृष्टीने मला हा शोध सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तंतू जुळण्याची अट इथे सुटते.

सगळेच कवकविषाणू आपल्या बाजूचे नसतात. काहींमुळे बुरशी अधिक उग्र होते. यीस्टमधील एका विषाणूमुळे यीस्ट शेजारच्या यीस्टला मारणारे विष बनवते. अमेरिकेतील यलोस्टोनच्या तापलेल्या जमिनीत एक गवत तगते ते त्यातल्या बुरशीमुळे, आणि त्या बुरशीत विषाणू असला तरच. आपण शेणखतात मिसळतो त्या ट्रायकोडर्मातही विषाणू आढळले आहेत, म्हणून कोणता विषाणू कोणाला बाधतो हे तपासल्याशिवाय शिवारात काही सोडणे धोक्याचे.

आपल्या पिकांपुरते पाहिले तर केवड्याचा जीव आणि आल्याची कंदकूज करणारा पिथियम या खऱ्या बुरशाच नव्हेत. विषाणू त्यांच्यातही मिळतात, पण चेस्टनटचा धडा तिथे जसाच्या तसा लागू होणार नाही. भुरी तर जिवंत पानाशिवाय वाढत नाही, त्यामुळे बशीत वाढवून तिच्यात विषाणू भरणे अवघड. त्या मानाने महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवरची करडी बुरशी, बोट लागताच धुरळा उडवणारी, प्रयोगशाळेत सहज वाढते आणि तिच्यात अनेक विषाणू नोंदलेलेही आहेत. करपा आणि मर आणणाऱ्या बुरशाही अशाच हाताळण्याजोग्या. शोध मात्र आपल्याच शिवारातून व्हायला हवा, कारण इथल्या बुरशीचे गट इथलेच. रोगट पानाफळांवरून बुरशी वाढवताना एखादी वसाहत मंद निघते, कडा वेड्यावाकड्या, रंग धरत नाही. ती बिघडलेली समजून टाकून दिली जाते. ग्रांत यांची पांढरी बुरशी अशीच दिसत होती. तशी प्रत्येक बशी बाजूला ठेवून तिच्यात दुपदरी आरएनए, म्हणजे विषाणूची खूण, आहे का, हे आधी पाहावे.