कचेरीतला कुत्रा आला कुठून?

मुंबईच्या फोर्टमधलं बॉम्बे हाउस हे टाटा समूहाचं मुख्यालय. डागडुजी होऊन २०१८ साली ते पुन्हा उघडलं, तेव्हा आत रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी खास जागा राखलेली होती. तिथल्या एका कुत्र्याचं नाव होतं ‘गोवा’. लहान पिल्लू असताना तो गोव्यात एका सहकाऱ्याच्या गाडीत चढला आणि थेट बॉम्बे हाउसला पोचला, म्हणून हे नाव. ही हकीकत खुद्द रतन टाटांनीच सांगितलेली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये टाटा गेले, त्यांच्या अंत्यदर्शनाला या कुत्र्यालाही आणलं होतं. ती छायाचित्रं देशभर फिरली. इकडे गोव्यात लोक जरा जास्तच हळहळले, आपल्याच किनाऱ्यावरचं पोर मुंबईत नाव काढून आलं म्हणून.

ऑफिसात कुत्रा असावा की नसावा, ही चर्चा गोव्यात २०२० नंतर वाढली. टाळेबंदीच्या काळात आणि नंतर बेंगळुरू, दिल्ली, मुंबईहून संगणकावर काम करणारी मंडळी आसगाव, शिवोली, हणजूण भागात राहायला आली. सोबत आपापले कुत्रेही घेऊन आली. भाड्याच्या टेबलांवर चालणाऱ्या कचेऱ्यांत मग टेबलाखाली एखादा लॅब्राडोर दिसू लागला. हे सगळं अमेरिकेतून आलेलं फॅड आहे, असं पुष्कळांना वाटतं. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं पाहायचं तर मागे जावं लागतं, आणि सुरुवात त्याच फोर्टपासून होते.

जून १८३२. मुंबईतल्या बेवारशी कुत्र्यांना मारण्याचा इंग्रज सरकारचा हुकूम होता, आणि मारणाऱ्याला बक्षीस मिळत होतं. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे. मृत्यूनंतरच्या विधीतही कुत्र्याची दृष्टी पार्थिवावर पडावी लागते. सणाच्या दिवशी कुत्रे मारणारे शिपाई दिसले आणि फोर्टातले पारशी रस्त्यावर उतरले. दुसऱ्या दिवशी हरताळ पडला, हिंदू, जैन आणि मुसलमानही त्यात सामील झाले. कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीचा दाणापाणी अडवला गेला. दंगा मोडून काढला खरा, पण दोनच वर्षांनी, १८३४ साली, भुलेश्वरला पांजरपोळ उभी राहिली. जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा हे तिचे प्रमुख देणगीदार. बॉम्बे हाउसमधल्या त्या जागेला हा सगळा पूर्वेतिहास आहे. ‘कर्मचाऱ्यांचा ताण कमी होतो’ असल्या हिशेबातून ती निर्माण झालेली नाही.

हा ताणाचा हिशेब आला बऱ्याच नंतर. त्याआधी हजारो वर्षं कुत्रा कामाच्या जागी असायचा तो कामालाच. गोव्यात आजही सत्तरी, सांगे, फोंड्याच्या कुळागरांत, म्हणजे सुपारी-केळीच्या बागांत, माकडं आणि रानडुकरं हाकलायला कुत्रा लागतो. तिथे कोणी त्याचे ‘फायदे’ मोजत बसत नाही. सुपारी आणि केळी शिल्लक राहिली म्हणजे झालं. दाबोळी विमानतळावर आणि पोलिसांच्या श्वानपथकात जे कुत्रे आहेत, तेही नोकरीतले कुत्रे, वास घ्यायचं काम करणारे.

काम न करता कचेरीत राहणारा, तरीही सगळ्यांना हवासा वाटणारा कुत्रा ही वेगळी जात. तिचं जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतल्या ऑल्बनीच्या पोस्ट ऑफिसातलं आहे. १८८८ च्या सुमारास ओनी नावाचा एक गावठी कुत्रा तिथे टपालाच्या थैल्यांवर झोपू लागला. थैल्या गाडीत चढल्या की तोही चढायचा. टपालगाड्यांतून त्याने अमेरिका पालथी घातली, १८९५ मध्ये जहाजाने जगप्रदक्षिणाही केली. जागोजागचे टपालवाले त्याच्या गळ्यात बिल्ले अडकवत. ते इतके झाले की वजन पेलावं म्हणून त्याला खास जाकीट शिवावं लागलं. शेवट मात्र वाईट झाला. म्हातारपणी, १८९७ मध्ये, टोलिडो शहरात तो चावला आणि त्याला गोळी घातली गेली. पेंढा भरलेला ओनी आज वॉशिंग्टनच्या टपाल संग्रहालयात उभा आहे. टपालवाल्यांना त्याच्यामुळे काय मिळालं, हे कोणी तपासलं नाही. तपासावं असं वाटण्याचा तो काळही नव्हता. पण कचेरीतल्या कुत्र्याचे दोन्ही प्रश्न, लळा आणि चावा, या एकाच गोष्टीत आलेले आहेत.

कुत्रा औषधासारखा उपयोगी पडू शकतो, हा विचार दवाखान्यांतून आला. सिग्मंड फ्रॉइड यांची योफी नावाची चाऊ जातीची कुत्री त्यांच्या तपासणीच्या खोलीत बसायची, आणि वेळ संपली की तीच उठून उभी राहायची असं सांगतात. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी आपल्या जिंगल्स या कुत्र्याला सहउपचारकच मानलं. समोरच्या डॉक्टरशी न बोलणारं मूल कुत्र्याशी बोलतं, असा त्यांचा अनुभव होता. सहव्यवसायी आधी हसले. मग १९८० मध्ये एरिका फ्रीडमन आणि सहकाऱ्यांचा हृदयविकाराच्या ९२ रुग्णांचा अभ्यास आला. पाळीव प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी वर्षभरात ३ दगावले, नसलेल्या ३९ पैकी ११. आकडे लहान आहेत, आणि कुत्रा फिरवायला जाणारा माणूस मुळातच थोडा धडधाकट असणार, हा आक्षेपही रास्त आहे. पण हसणं थांबलं.

मला स्वतःला १९९१ मधला कॅरन अ‍ॅलन यांचा प्रयोग सगळ्यांत बोलका वाटतो. बायकांना तोंडी गणितं घातली: एकदा जिवलग मैत्रीण शेजारी बसवून, एकदा आपला कुत्रा शेजारी ठेवून. मैत्रीण असताना नाडी आणि रक्तदाब जास्त चढले, कुत्रा असताना कमी. कारण उघड आहे. मैत्रीण कितीही जवळची असली तरी आपलं चुकलेलं उत्तर तिला कळतं. ज्यांनी कधी साहेबासमोर हिशेब मांडला आहे, त्यांना हे वेगळं समजवायला नको.

यानंतर संशोधन कचेरीच्या दारात पोचलं. २००१ मध्ये वेल्स आणि पेरीन यांनी ३१ कंपन्यांतल्या १९३ कर्मचाऱ्यांना विचारलं. प्राण्यांमुळे ताण हलका होतो, असं पुष्कळांचं म्हणणं पडलं. त्याहून जास्त गाजला तो २०१२ चा अभ्यास. व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाचे रँडॉल्फ बार्कर आणि सहकारी नॉर्थ कॅरोलायनातल्या एका क्रोकरीच्या कंपनीत आठवडाभर ठाण मांडून होते. कुत्रा आणणारे, कुत्रा असूनही घरी ठेवणारे आणि कुत्रा नसणारे असे कर्मचाऱ्यांचे तीन गट होते. सकाळी लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, तपासलं, तेव्हा गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. दिवस चढत गेला तसा बाकीच्यांनी नोंदवलेला ताण वाढला, कुत्रा आणणाऱ्यांचा उतरला. त्याच माणसांनी कुत्रा घरी ठेवला त्या दिवशी त्यांचाही ताण चढला.

लाभाच्या बहुतेक लेखांत हा अभ्यास भेटतो, पण त्याच्या मर्यादा क्वचित सांगितल्या जातात. सहभागी जेमतेम ७५ होते. ताण किती, हे त्यांनीच सांगितलेलं होतं. आणि मुख्य म्हणजे फायदा दिसला तो ज्याचा कुत्रा त्याला. शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा ताण त्यामुळे उतरला, असं यातून निघत नाही. माणसं मात्र कुत्र्याच्या निमित्ताने एकमेकांशी बोलतात, इतकं निरीक्षणातून दिसलं. कुत्रा न आणलेले सहकारीही ‘मी जरा याला बाहेर फिरवून आणू?’ असं विचारत येत. तेवढाच उठण्याचा बहाणा.

कंपन्यांनी हे कशासाठी उचललं, याची गोष्ट थोडक्यात उरकता येते. नव्वदच्या दशकातल्या अमेरिकन संगणक कंपन्यांत माणसं रात्र रात्र काम करायची. कुत्रा घरी उपाशी राहणार म्हणून तो ऑफिसात आणू द्यायचा, हा साधा व्यवहार होता. अ‍ॅमेझॉनच्या सुरुवातीच्या दिवसांत रूफस नावाचा कॉर्गी ऑफिसात असे. गूगलने तर आपल्या आचारसंहितेतच ‘आम्हाला मांजरं आवडतात, पण आमची कंपनी कुत्र्यांची’ अशा अर्थाचं वाक्य घातलं. १९९९ मध्ये पेट सिटर्स इंटरनॅशनल या संघटनेने ‘कुत्र्याला ऑफिसला न्या’ दिवस सुरू केला, तो जूनमध्ये साजरा होतो. आपल्याकडे तो ऐन पावसात येतो. ओल्या कुत्र्याच्या वासासकट.

हे सगळं गोव्यात आणताना एक फरक लक्षात ठेवावा लागतो. अमेरिकेत कुत्रा मालकाबरोबर पट्ट्याने येतो. इथे तो आधीच हजर असतो. पंचायतीच्या पायरीवर, बाजाराच्या कमानीखाली, कदंब बसस्थानकाच्या फलाटावर, शॅकमधल्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या हंगामी खाणावळीतल्या, खुर्चीखाली. शॅकवाल्यांची आणि त्यांच्या कुत्र्यांची भागीदारी तर जुनी आहे: हंगामात उरलेली मासळी त्याला, रात्रीची राखण यांना. मे अखेर शॅक मोडले की भागीदारी संपते, आणि पावसाळ्यात किनाऱ्यावरचे कुत्रे गावात शिरतात. त्या दिवसांत पहाटे पाव विकायला येणाऱ्या पोदेराला सायकलचा भोंपू जरा जोरातच वाजवावा लागतो.

म्हणून गोव्यात कामाच्या जागच्या कुत्र्याचा लाभ सांगायचा, तर सुरुवात लसीपासून करावी लागते. माणसाला होणारा रेबीज सुमारे ९९ टक्के वेळा कुत्र्याकडूनच येतो, आणि एकदा लक्षणं दिसली की तो जवळजवळ नेहमीच जीव घेतो. २०१३ मध्ये लूक गॅम्बल या ब्रिटिश पशुवैद्याने मिशन रेबीज ही मोहीम भारतात सुरू केली. गोवा सरकारच्या साथीने ती राज्यभर पसरली. लांब दांड्याची जाळी घेतलेल्या तुकड्या वाड्यावाड्यांवर जात, कुत्रा पकडून टोचत, डोक्यावर रंगाचा पट्टा ओढत आणि मोबाइलमधल्या अ‍ॅपवर नोंद करून सोडून देत. शाळांतून मुलांना शिकवणं आणि संशयित कुत्र्यावर लगेच पाळत ठेवणं हेही सोबत होतं. एकूण कुत्र्यांपैकी ७० टक्क्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, हे गणित होतं, आणि ३,७०२ चौरस किलोमीटरच्या छोट्या राज्यात ते जमण्यासारखं होतं. कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटल्याचं २०२२ च्या शोधनिबंधात नोंदलं आहे. त्याआधी जून २०२१ मध्ये मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी, तीन वर्षांत एकही रुग्ण नसल्याचं सांगून, गोवा देशातलं पहिलं रेबीजमुक्त राज्य असल्याचं जाहीर केलं. घोषणा घोषणेच्या जागी. सिंधुदुर्ग, बेळगाव आणि कारवारच्या हद्दी कुत्र्यांना ठाऊक नसतात, म्हणून टोचणं दरवर्षी चालू ठेवावंच लागतं.

कायद्याची बाजू अलीकडेच बदलली. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लस करून कुत्र्याला त्याच्या मूळ जागी परत सोडायचं असतं. पण ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा-महाविद्यालयं, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातले भटके कुत्रे हलवावेत आणि पुन्हा तिथे सोडू नयेत, असा आदेश दिला. बसस्थानकावरच्या कुत्र्याला हा आदेश लागू होतो. खासगी कंपनीतल्या पाळीव कुत्र्याला नाही. बँकेच्या आवारात वर्षानुवर्षं झोपणारा, शिपायाच्या डब्यातली अर्धी पोळी खाणारा कुत्रा यांच्या मधोमध अडकतो. तो कोणाचाच नाही आणि सगळ्यांचा आहे.

ज्यांना आपल्या ऑफिसात हा प्रयोग करायचा असेल, त्यांच्यासाठी वरच्या इतिहासातून कामाच्या दोनचार गोष्टी निघतात. लसीचं कार्ड कोणाच्या नावावर, हे आधी ठरवा. तिथेच गाडं अडतं. कुत्र्याची भीती वाटणाऱ्याला किंवा अ‍ॅलर्जी असणाऱ्याला सगळ्यांसमोर हात वर करायला लावू नका, खासगीत विचारा, आणि त्याने नाही म्हटलं तर त्याच्या मजल्यावर कुत्रा नको. पावसाळ्यात गोचिडी बघा. चावलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शनाला जा, कुत्रा कितीही ओळखीचा असला तरी.