नवा डेस्कटॉप मुकाट्याने मंद का चालतो?

पुण्याच्या तपकीर गल्लीत एकेक भाग निवडून जुळवून घेतलेला असो की शोरूममधून तयार आणलेला, नवा डेस्कटॉप सुरू झाला की आपण निश्चिंत होतो. खरी तपासणी तिथून पुढची असते. संगणकाचे भाग एकमेकांना जोडले गेले की आपसात वेग ठरवतात, आणि एखादा दुवा कमी पडला की जो वेग सगळ्यांना झेपेल त्यावर येतात. पडद्यावर त्याची कसलीही सूचना येत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान रॅममध्ये, म्हणजे चालू कामाची माहिती धरून ठेवणाऱ्या मेमरीत होतं. घरगुती प्रोसेसरला मेमरीकडे जायला दोन स्वतंत्र वाटा असतात, त्यांना चॅनेल म्हणतात. डीडीआर५-४८०० (डीडीआर५ हा रॅमचा प्रकार, ४८०० हा तिचा वेग) ची एक स्टिक, म्हणजे रॅमची एक पट्टी, सेकंदाला जास्तीत जास्त ३८.४ गिगाबाइट माहिती देते, दोन स्टिक दोन चॅनेलवर बसवल्या तर ७६.८. म्हणजे १६ जीबीची एकच स्टिक लावली की अर्धी क्षमता रिकामी राहते. 'पुढे वाढवता येईल' म्हणून दुकानदार एकच सुचवतात, आणि तेही खोटं नाही. पण वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर चित्र काढणारा भागही याच रॅमवर जगतो. अशा वेळी ८-८ जीबीच्या दोनच घ्याव्यात, हे माझं ठाम मत आहे. मदरबोर्डवर रॅमसाठी चार स्लॉट (खाचा) असतील तर प्रोसेसरपासून मोजून बहुधा दुसरा आणि चौथा वापरायचा असतो. त्याच्या पुस्तिकेत ते दिलेलं असतं.

दुसरी गोष्ट त्याहून सहज निसटते. खोक्यावर ६००० लिहिलेली रॅम बसवल्यावर ४८०० वरच चालताना दिसते. जास्तीचा वेग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन स्वतः चालू करावा लागतो. इंटेलकडे त्याला एक्सएमपी म्हणतात, एएमडीकडे एक्स्पो. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली मेमरी उघडलं की चालू वेग आणि किती स्लॉट भरलेत, दोन्ही कळतं. मॉनिटरचंही तसंच: १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा पडदा सेटिंग बदलेपर्यंत ६० वर चालत राहू शकतो. आणि ग्राफिक्स कार्ड घेतलं असेल तर केबल कार्डालाच लावायची, मदरबोर्डला नाही.

वायरलेस माउस अडखळत असेल तर लगेच माउसला दोष देऊ नका. यूएसबी ३.० च्या जोडणीतून निघणारा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यापर्यंत पसरतो, आणि माउसचा रिसीव्हर तिथेच ऐकत असतो. इंटेलने २०१२ मध्येच हे मांडलं होतं. रिसीव्हर बाहेरच्या हार्ड डिस्कपासून लांबच्या पोर्टमध्ये लावला की बहुतेकदा फरक पडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ते पेटीच्या बाहेरचं आहे. जुन्या वायरिंगच्या घरांत सॉकेटला तीन भोकं असतात, पण मागे अर्थिंगची वायर नसते. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, टेस्टर लावला की दिवा लागतो. लोक पॉवर सप्लाय बदलतात, मुंग्या तशाच राहतात. कारण पॉवर सप्लायमध्ये हाच विद्युत गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून कॅबिनेटकडे एकेक छोटा कपॅसिटर (थोडा एसी प्रवाह जाऊ देणारा भाग) मुद्दाम जोडलेला असतो. अर्थिंग नसेल तर या दोघांच्या मध्ये लटकलेलं कॅबिनेट २३० च्या निम्म्या, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर तरंगतं. प्रवाह अगदी क्षीण असतो, पण चालू टीव्हीला एचडीएमआय केबल लावताना तोच प्रवाह पोर्ट जाळू शकतो. त्यात पॉवर सप्लायमध्ये खरा बिघाड झालाच, तर अर्थिंगविना जिवाला धोका असतो.

गुरुवारी वीज जाते म्हणून यूपीएस घेतला तरी हा प्रश्न सुटत नाही, त्याचीही तिसरी पिन त्याच सॉकेटात जाते. वायरमनकडून मीटरने मोजून घ्या: फेज ते अर्थ सुमारे २३० व्होल्ट, न्यूट्रल ते अर्थ अगदी थोडे. सॉकेटातच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देण्याचा सोपा उपाय कुणी सुचवला तर साफ नकार द्या. न्यूट्रल कुठे तुटला की त्या जोडणीतून पूर्ण २३० व्होल्ट कॅबिनेटवर येतात.