आरव्हीत स्वयंपाक: प्रोपेनची शेगडी की इंडक्शन?

अमेरिकेत आरव्ही, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यनला जायचं ठरलं, की सामानाच्या यादीपाशी एक प्रश्न हमखास अडतो. गाडीत गॅस आहे, मग घरची इंडक्शन शेगडी बरोबर घ्यायची का? स्वतःची व्हॅन विकत घेणारे किंवा बांधून घेणारे तोच प्रश्न उलटा विचारतात: इंडक्शन असताना गाडीत गॅस ठेवायचाच कशाला? प्रश्न एकच वाटला तरी उत्तरं वेगळी आहेत. आठवडाभर भाड्याने घेतलेल्या गाडीला लागू पडणारी गोष्ट दहा वर्षं वापरायच्या गाडीला लागू पडेलच असं नाही.

आधी गॅसबद्दल, कारण तिथेच गफलत होते. भारतात आपल्या घरी येतो तो एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. अमेरिकेतल्या आरव्हीत जवळजवळ निव्वळ प्रोपेन असतो. शेगडीवर निळी ज्योत दोन्हीची सारखीच दिसते, फरक कळतो तो थंडीत. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच वायुरूप व्हायचं थांबतो, प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांपर्यंत टाकीतून वाफ होऊन येत राहतो. म्हणून ऑक्टोबरच्या पहाटे रॉकी पर्वतात बाहेर बर्फ साठलेला असतानाही चहाचं आधण चढतं. इंडक्शनला वीज पुरवणाऱ्या लिथियम बॅटरीचं उलट आहे. शून्य अंशाखाली थंड झालेली बॅटरी चार्ज करता येत नाही, त्यामुळे थंड मुलखात ती गाडीच्या आत, उबेत ठेवावी लागते.

आता खरा हिशेब. आरव्हीतला साधा बर्नर ताशी सुमारे ७,००० बीटीयूचा (बीटीयू हे उष्णता मोजायचं एकक) असतो. वरण-भातासाठी तो अर्धा तास चालवला तर साधारण ७५ ग्रॅम प्रोपेन जळतो. त्यातली चाळीसेक टक्केच उष्णता भांड्यात जाते, बाकीची भांड्याच्या कडेने वर जाऊन गाडी तापवते. इंडक्शनमध्ये काचेखालची कॉइल थेट भांड्याच्या बुडात उष्णता निर्माण करते, त्यामुळे ८५ टक्क्यांच्या आसपास उष्णता कामी येते. म्हणजे त्याच वरण-भाताला इंडक्शनवर साधारण अर्धं युनिट वीज पुरते. इथवर इंडक्शन सरळ जिंकतं.

पण ते अर्धं युनिट आणायचं कुठून? १२ व्होल्टच्या १०० अँपिअर-अवर लिथियम बॅटरीत सव्वा युनिटच्या आसपास वीज मावते. इन्व्हर्टरमधली गळती धरली, तर वरण-भात दोनदा झाला की बॅटरी रिकामी. दिवे, पंप, फोन यांचं बघायलाच नको. दुसरीकडे २० पौंडांचं, म्हणजे नऊ किलो गॅसचं सिलिंडर घ्या. शेगडीतली सगळी नासाडी वजा केल्यावरही त्यातून जेवढी कामाची उष्णता मिळते, तेवढी बॅटरीवरच्या इंडक्शनमधून काढायला वर सांगितल्यासारख्या पन्नासेक बॅटऱ्या लागतील. छपरावर ४०० वॅटचं सोलर असेल तर चांगल्या उन्हात दिवसाला दीड-दोन युनिटं मिळतात. त्यात स्वयंपाक निघतो, पण ढगाळ दिवशी किंवा गर्द झाडीखाली गाडी लावली तर तेही नाही.

त्यामुळे शेगडी निवडण्याआधी रात्री गाडी कुठे लावणार ते ठरवा. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

हूकअप असलेल्या कॅम्पग्राउंडमध्ये, म्हणजे जिथे खांबावरून गाडीला वीज मिळते तिथे, इंडक्शन उत्तम. त्या विजेचे पैसे मुक्कामाच्या भाड्यातच धरलेले असतात, मग आपला गॅस का जाळा? मात्र ‘लाइट आहे ना’ एवढ्यावर विसंबून चालत नाही. ३० अँपचं कनेक्शन म्हणजे १२० व्होल्टला एकूण ३,६०० वॅट. छपरावरचा एसी दीड हजारांच्या घरात खातो, पाणी तापवायचा इलेक्ट्रिक घटक चौदाशेच्या आसपास, आणि त्यावर १,८०० वॅटचं इंडक्शन लावलं की ब्रेकर पडलाच. जुलैत ॲरिझोनात दुपारी एसी बंद करून पोहे करायची पाळी अशीच येते. ५० अँपच्या कनेक्शनला ही अडचण नाही. त्यात दोन लाइन येतात, एकूण १२,००० वॅटपर्यंत. पण तेवढी ताकद मोठ्या गाड्यांनाच घेता येते, भाड्याच्या मध्यम गाडीला बहुधा तीसच असते. आणखी एक बारकावा: गाडीतल्या बऱ्याच पॉइंट्सना मिळून एकच १५ अँपचं सर्किट असतं. त्यावर इंडक्शन पूर्ण ताकदीने चालवू नका. १,२००-१,३०० वॅटवर ठेवा, वेळ थोडा जास्त लागेल, पण कुकरची शिट्टी निवांत होईल.

भारतातून आणलेली २३० व्होल्टची इंडक्शन शेगडी अमेरिकेत लावायचा विचारही करू नका. तिला १२० व्होल्ट पुरत नाहीत. तिथलीच घ्या, फार महाग नसते.

राष्ट्रीय उद्यानांच्या आत गणित फिरतं. यलोस्टोनच्या आत हूकअप मिळतात ते एकट्या फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कमध्ये. तिथे अस्वलांमुळे तंबूंना बंदी आहे, पक्क्या भिंतींच्या गाड्याच चालतात. ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवर ट्रेलर व्हिलेजमध्ये वीज आहे, शेजारच्या मेदर कॅम्पग्राउंडमध्ये नाही. बाकी बहुतेक ठिकाणी तुम्ही, तुमची बॅटरी आणि जनरेटर. उद्यानात जनरेटर ठरावीक वेळेतच चालवता येतो, आणि भाड्याच्या गाडीत त्याचे तासाप्रमाणे पैसे लागू शकतात. पहाटे पाचला सूर्योदय बघायला निघायचं आणि त्याआधी चहा हवा, तर जनरेटर लावून शेजाऱ्यांच्या शिव्या खाण्यापेक्षा गॅसची कळ फिरवणं बरं.

बॅटरीवरच चालवायचं म्हटलं, तर १२ व्होल्टला १,८०० वॅट ओढायला दीडशे अँपच्या वर करंट लागतो. त्यासाठी दोन हजार वॅटच्या वरचा इन्व्हर्टर, अंगठ्याएवढ्या जाड केबल आणि बॅटरीजवळच बसवलेला मोठा फ्यूज हवा. सिगरेट लायटरच्या भोकात खुपसायच्या छोट्या इन्व्हर्टरने फोन चार्ज होतो, स्वयंपाक होत नाही.

उंचीचा मुद्दा दोघांनाही सारखाच आहे, पण सांगायला हवा. फिशिंग ब्रिज ७,८०० फुटांवर आहे. तिथे पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, कारण दर तीनशे मीटरला उकळबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. शेगडी कुठलीही असो, उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. कुकर न्याच. आणि इथेच इंडक्शनवाल्यांची पहिली फजिती होते: घरून नेलेला कुकर अल्युमिनियमचा निघतो. इंडक्शनला लोहचुंबक चिकटेल असंच बूड लागतं. अल्युमिनियम, तांबं, पितळ चालत नाही. स्टीलचं काही चालतं, काही नाही. निघण्यापूर्वी फ्रिजवरचा एक मॅग्नेट काढून सगळ्या भांड्यांच्या बुडाला लावून बघा. घट्ट चिकटला तर भांडं डब्यात, नाही तर परत मांडणीवर.

भांड्यांचा प्रश्न एवढ्यावर संपत नाही. आपल्या स्वयंपाकाचा अर्धा जीव फोडणीत. फोडणीचं कढलं लोखंडी असलं तरी त्याचं बूड एवढंसं आणि गोल. इंडक्शनला दहा-बारा सेंटिमीटर व्यासाचं सपाट बूड दिसलं नाही तर ते भांडंच नाही असं समजून टीं-टीं करत बसतं. मग वरणावर वरून फोडणी ओतायची ती लहान सपाट पॅनमध्ये करावी लागते, आणि पसरट पॅनमध्ये चमचाभर तेलाचा पापुद्रा होतो. मोहरी तडतडायच्या आत हिंग जळतो. तेल थोडं जास्त घ्या, पॅन किंचित कलता धरायचा मोह आवरा (उचलला की शेगडी बंद), आणि आच ६००-८०० वॅटच्या वर नेऊ नका. इंडक्शनवर तेल चटकन तापतं. गॅसची सवय असलेला हात मिरची टाकेपर्यंत धूर निघालेला असतो. स्वस्त शेगड्यांची आणखी एक खोड म्हणजे मंद आच ठेवली तरी त्या खरी मंद आच देत नाहीत. काही सेकंद जोरात, काही सेकंद बंद, असं चालतं. दूध तापवताना हे लक्षात ठेवा.

खोलगट तवाही इंडक्शनवर बसत नाही. बिडाचा सपाट तवा चालतो, छान चालतो, पण कॉइलच्या वरचा मधला भाग आधी तापतो. तो हळूहळू तापू द्या, नाही तर थालीपीठ मध्ये करपतं आणि कडेला कच्चं राहतं. फुलका किंवा भाकरी जाळावर फुगवायची, वांगं भाजायचं, पापड भाजायचा, यातलं काही इंडक्शनवर व्हायचं नाही. ज्यांचं भरताशिवाय अडत नाही त्यांचा निर्णय इथेच झाला म्हणायचा. पण बंद गाडीत वांगं भाजलं की स्मोक अलार्म किंचाळणार हेही धरून चाला. मिरचीच्या ठेच्यालाही तो तेवढाच घाबरतो. छपरावरचा पंखा आधी लावायचा, मग शेगडी. मासे तळायचे असतील तर सरळ बाहेर पिकनिक टेबलावर एक पौंडाच्या छोट्या प्रोपेन सिलिंडरवरची शेगडी मांडा. अस्वलांच्या मुलखात मात्र बाहेरचं सगळं लगेच आवरून आत ठेवावं लागतं.

सुरक्षिततेच्या बाबतीत माझा कौल इंडक्शनकडे आहे, आणि कारण आगीपेक्षा हवेचं. प्रोपेन हवेपेक्षा जड, सुमारे दीडपट. गळला तर खिडकीतून निघून जात नाही, जमिनीलगत साचतो. म्हणून गाडीतला गॅसचा डिटेक्टर जमिनीजवळ बसवलेला असतो. त्याच्यासमोर बूट-पिशव्या ठेवू नका. गॅसला मुळात वास नसतो, मिसळलेल्या रसायनामुळे तो येतो. वास आला की आधी टाकीची झडप बंद, सगळे बाहेर, आणि दिव्याच्या कुठल्याही बटणाला हात नाही. जळताना प्रोपेन कार्बन डायऑक्साइड सोडतो, हवा कमी पडली तर कार्बन मोनॉक्साइडही, ज्याला वास नाही. रात्री थंडी वाजते म्हणून शेगडी पेटती ठेवून झोपणं यात जीव जातो. त्याखेरीज ओल. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत येतं, म्हणून सकाळी काचा आतून घामेजलेल्या असतात आणि गादीखाली बुरशी धरते. इंडक्शनवर भांड्यातली वाफ तेवढी, बाकी काही नाही. लहान मुलं गाडीत असतील तर हे विशेष. काच तापते ती भांड्यामुळे, भांडं उचललं की थोड्या वेळात निवते.

मग नवी गाडी घेणाऱ्याने गॅस काढूनच टाकावा का? फक्त शेगडीपुरता काढून फारसं काही हाती लागत नाही. भाड्याच्या बहुतेक गाड्यांत हीटर, पाण्याचा बंब आणि अनेकदा फ्रिजही त्याच टाकीवर चालतो. शेगडी त्यात सर्वात कमी गॅस पिणारी. थंडीच्या एका रात्री हीटर जेवढा जाळतो, तेवढ्यात शेगडीवर कितीतरी दिवसांचा स्वयंपाक होतो. शेगडी बदलली तरी टाकी, पाइप, डिटेक्टर, सगळं तसंच राहतं. गॅस घालवायचा तर पूर्ण घालवा: फ्रिज १२ व्होल्टचा, हीटर डिझेलवरचा, बॅटऱ्या भरपूर. विनेबागो या आरव्ही बनवणाऱ्या कंपनीची रेव्हेल ही व्हॅन अशीच बांधलेली आहे. इंडक्शन शेगडी, डिझेलवर उष्णता आणि गाडीत प्रोपेन नाहीच. असा संच महाग पडतो. वर्षाकाठी दोन-तीन सहली करणाऱ्याने त्याच्या नादी लागू नये असं मला वाटतं. वर्षातले महिनोन्‌महिने गाडीत राहणाऱ्याची गोष्ट निराळी.

भाड्याच्या गाडीसाठी माझं मत साधं आहे. गाडीतला गॅस आहे तो राहू द्या आणि एक बर्नरची सुटी इंडक्शन शेगडी बरोबर घ्या. वीज असलेल्या मुक्कामी कुकर आणि चहा इंडक्शनवर, जंगलात सगळं गॅसवर, भाकरी कुठेही गॅसवर.

न्यू जर्सीहून दक्षिणेला, व्हर्जिनियातल्या शेनँडोआ उद्यानाकडे किंवा त्या बाजूला निघणाऱ्यांसाठी एक गोष्ट राहिली. बाल्टिमोरच्या बंदराखालच्या बोगद्यांतून दहा पौंडांपेक्षा मोठं प्रोपेनचं सिलिंडर असलेल्या गाडीला जाता येत नाही, आणि आरव्हीची टाकी त्याहून मोठीच असते. पूर्वी अशा गाड्या ६९५ क्रमांकाच्या रस्त्याने फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून वळसा घालायच्या. तो पूल २६ मार्च २०२४ रोजी मालवाहू जहाजाच्या धडकेने पडला. आता त्याच ६९५ च्या पश्चिमेकडच्या भागावरून, शहराला फेरा मारून जावं लागतं. गाडीचा जीपीएस नेहमीच्या गाडीसारखा बोगद्यातून रस्ता दाखवेल, त्याचं ऐकू नका, आणि त्या दिवशी तासभर जास्त हाताशी ठेवा.