जिवाणूच्या हाती दोन उसन्या किल्ल्या

नको असलेलं जनुक गप्प करणारी यंत्रणा आपल्या पेशीत आधीपासूनच असते. तिला फक्त नमुना दाखवावा लागतो: त्या जनुकाच्या संदेशाशी जुळणारा दुपदरी आरएनएचा छोटा तुकडा. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये सूत्रकृमींवर हे सिद्ध केलं आणि २००६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण औषध म्हणून वापरायची वेळ आली तेव्हा घोडं पेशीच्या दारातच अडलं. मोकळा आरएनए रक्तात सोडला, तर विकरं त्याचा फडशा पाडतात. जो उरतो, त्याला पेशीचं पटल आत घेत नाही.

सूत्रकृमींचं सोपं होतं. जिवाणू हेच त्यांचं अन्न, त्यामुळे आरएनए बनवणारे ई. कोलाय खायला घातले की काम व्हायचं. आपल्या आतड्याच्या पेशी मात्र ई. कोलायला सहसा आत घेत नाहीत.

बोस्टनमध्ये चियांग ली यांच्या गटानं यावर २००६ मध्ये जो मार्ग काढला, तो मला फार विलक्षण वाटतो. त्यांनी निरुपद्रवी ई. कोलायला दोन रोगजंतूंची जनुकं दिली. पहिलं यर्सिनियाचं, म्हणजे प्लेगच्या जिवाणूच्या भाऊबंदाचं. त्यापासून बनणारं इन्व्हेसिन प्रथिन पेशीवरच्या इंटिग्रिनला चिकटतं आणि पेशी जिवाणूला ओढून घेते. पण आत आल्यावर तो एका पटलाच्या पिशवीत कोंडला जातो आणि तिथेच पचवला जाण्याची भीती असते. इथे दुसरं जनुक कामी येतं, लिस्टेरियाचं. त्याचं प्रथिन पिशवीला भोकं पाडतं आणि जिवाणूनं बनवलेला, केसांच्या आकड्यासारखा दुमडलेला आरएनए पेशीद्रवात उतरतो.

त्यांनी नेम धरला होता बीटा-कॅटेनिनवर. मोठ्या आतड्याच्या बहुतेक कर्करोगांत या प्रथिनाचा कारभार बिघडलेला असतो. हे जिवाणू तोंडावाटे दिलेल्या उंदरांच्या आतड्याच्या अस्तरात ते घटलं. शिरेतून दिल्यावर उंदरांत रुजवलेल्या मानवी गाठींमध्येही घटलं.

काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या असा दोष चालत येतो, की पोरवयातच मोठ्या आतड्यात शेकडो गाठी उगवू लागतात. कर्करोग टाळायचा तर बहुतेकांना आतडंच काढून टाकावं लागतं. त्यांच्यासाठी असेच जिवाणू गिळायचं औषध तयार करून माणसांवर पहिल्या टप्प्याची चाचणीही सुरू झाली. ते अजून बाजारात आलेलं नाही. त्या घरांतली मुलं आजही ठरलेल्या तारखांना दुर्बिणीच्या तपासणीला जातात.