ताणाचं नाव न घेता आलेले पुरुष : खानदेशातल्या मानसोपचाराची पार्श्वभूमी

मृग नक्षत्राच्या सुमाराला लागवड करणारा, म्हणजे मृगबाग लावलेला रावेर-यावलकडचा केळी उत्पादक जवळजवळ वर्षभर एकाच पिकाकडे डोळे लावून असतो. केळीचीच कांदेबाग लावणाऱ्याचंही तेच, फक्त महिने पुढे सरकलेले. मधल्या काळात करपा, सीएमव्ही हा विषाणूरोग, उन्हाळी वादळात एका रात्रीत आडवी झालेली बाग, विकासोचा (गावच्या विकास सोसायटीचा) हप्ता आणि आज बऱ्हाणपूरला काय भाव निघाला याची रोजची धाकधूक. धुळ्याकडच्या कोरडवाहू कपाशीवाल्याची काळजी निराळी, भुसावळला रेल्वेत रात्रपाळी करणाऱ्याची निराळी, जळगावच्या चटई कारखान्यातल्या कंत्राटी कामगाराची आणखी निराळी. पण यांपैकी कुणाचाही ताण एका प्रसंगाचा नाही. एक गोष्ट निभावली की दुसरी दारात उभी असते.

असा न संपणारा ताण शरीराचं काय करतो, हे शास्त्राने मांडलं त्याला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. माँट्रियलमध्ये काम करणाऱ्या हान्स सेल्ये यांनी १९३६ साली उंदरांवरच्या प्रयोगांची टिपणी छापली. उंदराला थंडीत ठेवा, दमवा किंवा विषारी द्रव्य टोचा, कारण कुठलंही असलं तरी परिणाम सारखाच दिसत होता : मूत्रपिंडावरच्या ग्रंथी सुजलेल्या, जठराला व्रण. शरीर आधी दचकतं, मग तग धरतं आणि शेवटी थकतं, अशा तीन पायऱ्या त्यांनी सांगितल्या. आपल्याकडचे बहुतेक पुरुष मधल्या पायरीवर वर्षानुवर्षं काढतात आणि त्यालाच धकवून नेणं म्हणतात. ॲसिडिटी, पाठदुखी, उडालेली झोप, जेवणाच्या ताटावरून होणारी चिडचिड, या तक्रारी घेऊन ते गावातल्या डॉक्टरकडे जातातही. पण काळजीमुळे होतंय असं त्यांनी सांगितलं नाही, आणि पुष्कळदा डॉक्टरनेही विचारलं नाही.

म्हणूनच इथला पुरुष मानसोपचारापर्यंत पोचला तो वेड, दारू किंवा आत्महत्या यांपैकी काहीतरी आधी घडल्यावर. सोयीसुद्धा साधारण त्याच क्रमाने आल्या.

ब्रिटिश काळात सोय म्हणजे वेड्यांचं इस्पितळ. महाराष्ट्रातली अशी चार जुनी सरकारी मनोरुग्णालयं नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि येरवड्याला आहेत, खानदेशात एकही नाही. वेड्यांविषयीच्या १९१२च्या कायद्याचा सगळा भर वेडा कुणाला ठरवायचं आणि कोंडायचं कसं यावर होता. ‘याला ठाण्याला पाठवा’ ही थट्टा त्यातूनच आली. ज्या उपचाराची पहिली ओळखच अशी झाली, तिथे केवळ झोप येत नाही म्हणून कोण पायरी चढणार?

खरं तर बोलून बरं करण्याच्या उपचाराला एक मोठी चालना मिळाली ती पुरुषांमुळेच. पहिल्या महायुद्धात खंदकांतून परतलेले सैनिक थरथरत, मुके होत, रात्री किंचाळत उठत. सुरुवातीला त्यांना भेकड ठरवण्यात आलं. स्कॉटलंडमधल्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी अधिकाऱ्यांना घडलेलं विसरायला न सांगता त्याबद्दल बोलायला लावलं. (हेच रिव्हर्स त्याआधी निलगिरीत तोडा समाजाचा अभ्यास करून गेले होते.) पुढे १९२२ साली कोलकात्यात गिरींद्रशेखर बोस यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापली. मात्र ते सारं शहरी, इंग्रजी जाणणाऱ्या वर्तुळातलं होतं.

खानदेशात पुरुषांनी एकत्र येऊन स्वतःला सावरल्याचा जो मोठा प्रसंग आठवतो, तो दवाखान्यातला नाहीच. १९३०च्या दशकात तळोदा तालुक्यातल्या मोरवड इथे गुलाम महाराजांनी भिल्ल समाजात आरतीची चळवळ उभी केली. माणसं मोठ्या संख्येने जमत, दारू सोडण्याची शपथ घेत आणि एकमेकांना ‘आप’ म्हणून मान देत. तिला मानसोपचार म्हणणं ओढाताणीचं होईल, आणि तिचा राजकीय-सामाजिक अर्थ त्याहून कितीतरी मोठा आहे. पण सावकार आणि दारू यांच्यात पिचलेल्या पुरुषांना चारचौघांत, मान न गमावता बदलता आलं, एवढं त्यात नक्की होतं.

हाच मान राखण्याचा प्रश्न पुढे व्यसनमुक्तीच्या कामाने सोडवला. १९८६ साली पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं, तेव्हा गटात बसून बोलणं हा तिथल्या उपचाराचा कणा होता. महाराष्ट्रभरातून पुरुष तिथे जाऊ लागले. दारूसाठी दाखल झालेला माणूस चौथ्या-पाचव्या दिवशी कर्जाबद्दल, बापाबद्दल, भाऊबंदकीबद्दल बोलू लागतो, हे या क्षेत्रात काम करणाऱ्या कुणालाही विचारा. विचारांची तपासणी करण्याची पद्धतही मराठीत आधीच आली होती. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून ती शिकलेल्या कि. मो. फडके यांनी विवेकनिष्ठ मानसोपचार इथे रुजवला. ठाण्याला १९९० साली आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था उभी केली.

मग आला शेतकरी आत्महत्यांचा काळ, आणि इथे खानदेशाच्या वाट्याला एक विचित्र गोष्ट आली. शेतकऱ्यांसाठीचं २००६चं पंतप्रधानांचं पॅकेज पश्चिम विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी होतं. २०१५च्या सुमारास राज्य सरकारने शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी प्रेरणा प्रकल्प आणला. आशा सेविकांनी घरोघरी जाऊन खचलेली माणसं हेरायची, जिल्हा रुग्णालयात समुपदेशक आणि १०४ क्रमांकावर मदत, अशी त्याची रचना होती. तो सुरू झाला विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत. बुलढाणा त्यात होता, जळगाव नव्हता. मलकापूर आणि मुक्ताईनगर यांच्यामधली हद्द ओलांडली तर कपाशी तीच, २०१७ची गुलाबी बोंडअळी तीच. जळगाव जिल्ह्यातही आत्महत्या होतच होत्या. आकड्यांवर यादी करताना असं होतं हे मान्य, पण मुक्ताईनगरच्या शेतकऱ्याला ते कसं समजावणार?

देशभराचं चित्र पाहिलं तर २०२२ साली भारतात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली आणि त्यांत सुमारे ७२ टक्के पुरुष होते.

समुपदेशनाचा उपयोग होतो का, या प्रश्नाला आता बऱ्यापैकी उत्तर आहे, आणि ते आसपासच्याच मुलखातून आलंय. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ हा मानसिक आरोग्याचा प्रकल्प झाला. तिथे नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून दीड वर्षात २७.२ टक्क्यांवर गेलं. गोव्यात ‘संगथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित सामान्य माणसांकरवी, म्हणजे डॉक्टर नसलेल्यांकरवी, सहा ते आठ भेटींचं समुपदेशन करून पाहिलं. तीन महिन्यांनी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. त्यात बहुसंख्य स्त्रिया होत्या. पुरुष भेटले ते संगथच्याच दुसऱ्या, फक्त दारू पिणाऱ्या पुरुषांसाठीच्या अभ्यासात. चारपर्यंत भेटी झाल्या, आणि तीन महिन्यांनी शेवटच्या पंधरवड्यात अजिबात न प्यालेले ४२ टक्के निघाले. समुपदेशन न मिळालेल्यांत ते १८ टक्के होते. दोन्ही अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाले.

या भेटींत घडतं काय? कर्ज फिटत नाही, केळीचा भाव वाढत नाही. आधी काळज्यांची फोड केली जाते : यातलं माझ्या हातात काय, नाही काय. बँकेत जाऊन हप्त्यांची पुनर्रचना मागणं हातात असतं, पण लाजेपायी सहा महिने टळलेलं असतं. मग ते कुठल्या दिवशी, कुणाला सोबत घेऊन करायचं इथवर ठरतं. ‘बाग गेली म्हणजे मी नालायक’ यासारखा विचार कागदावर उतरवून तपासला जातो. बंद पडलेल्या साध्या गोष्टी पुन्हा सुरू करायला सांगतात, पारावर बसणं, भजनाला जाणं, पहाटेचं चालणं. कंटाळवाणं वाटतं, पण ताणलेलं शरीर सैल पडायला याचा उपयोग होतो. आजार तीव्र असेल तर सोबत औषध लागतंच.

कायदाही हळूहळू वळला. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातलं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरावं, तिला शिक्षा होऊ नये आणि सरकारने तिची काळजी घ्यावी. ताण हा शब्द कायद्यात आला, पण तोही प्रयत्न होऊन गेल्यानंतरच्या माणसासाठी.

आज धुळ्यात १९८९पासून आणि जळगावात २०१८पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, नंदुरबारलाही झालंय. पण आठवड्याला एक याप्रमाणे सहा भेटी म्हणजे सहा दिवसांची मजुरी आणि एसटीचं भाडं. माझ्या मते महाविद्यालयांपेक्षा प्राथमिक आरोग्य केंद्रातला प्रशिक्षित माणूस इथे जास्त कामाचा ठरेल, आणि त्याची वेळ संध्याकाळची हवी. तोवर ऑक्टोबर २०२२पासून सुरू असलेली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची १४४१६ ही फुकट लाइन चोवीस तास आहे, मराठीतही आहे. अमळनेरचा माणूस अहिराणीतून सुरुवात करून मराठीवर येईल. धडगावच्या पावरा माणसाला मात्र मराठीसुद्धा परकीच भाषा, आणि त्याच्या बोलीत त्याचं ऐकून घेणारा समुपदेशक अजून तयार व्हायचा आहे.